'वेर्थनँ'मध्ये थ, तर 'वुर्दुन'मध्ये द कसा?

क्रियापदाच्या तक्त्यात एका रूपात थ आणि दुसऱ्यात द दिसतो, ही छपाईची चूक आहे का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या तक्त्यात चूक नाही. आद्य-जर्मानिकमधल्या (इंग्रजी, जर्मन वगैरेंची अनुमानाने मांडलेली पूर्वज भाषा; * ची खूण त्या अनुमानाची) *वेर्थनँ (होणे) ह्या क्रियापदाची रूपं अशीच मानतात: भूतकाळी एकवचन वर्थ, अनेकवचन वुर्दुन, धातुसाधित वुर्दनझ. (इथला थ इंग्रजी 'थिंक'मधला.) मीही एकेकाळी पेन्सिलीने द खोडून थ केला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धातू आपल्या ओळखीचा आहे: संस्कृत वृत्. वर्तन, वर्तुळ, अगदी समईतली वात (वर्ति, म्हणजे वळलेली) त्यातलीच. लॅटिन वेर्तेरे म्हणजे फिरवणे. जर्मानिकमध्ये 'वळणे'चं 'होणे' झालं. जुन्या इंग्रजीत ह्याच धातूपासून 'वुर्द', म्हणजे नियती; आजचा 'वीअर्ड' तोच. आपलंही नशीब फिरतंच की!

आता थ आणि द. ग्रिमच्या नियमाने (संस्कृत, लॅटिन, जर्मानिक ह्यांच्या सामायिक मूळ भाषेतली व्यंजनं जर्मानिकमध्ये कशी बदलली ते सांगणारा नियम) मूळ त चा थ व्हायला हवा, सगळीकडे. तसा तो होत नाही, ह्याचा उलगडा डेन्मार्कच्या कार्ल वेर्नरने १८७५ साली लिहिलेल्या निबंधात केला, आणि किल्ली सापडली वैदिक स्वरांत. वृत् चं भूतकाळी एकवचन 'ववर्त' म्हणताना उदात्त (उंच सुरातला स्वर) दुसऱ्या 'व'वर, त च्या लगेच आधी. तिथे जर्मानिकमध्ये थ. अनेकवचनी 'ववृतिम'मध्ये उदात्त शेवटी सरकतो, तिथे द. भ्रातृ आणि पितृ ह्यांचंही असंच: पहिल्यात उदात्त आधी, म्हणून गॉथिकमध्ये (जर्मानिक कुळातली जुनी, आता नामशेष भाषा) 'ब्रोथर', दुसऱ्यात नंतर, म्हणून 'फदर'. जर्मानिकमध्ये पुढे आघात पहिल्या अक्षरावर पक्का झाला, कारण नाहीसं झालं आणि व्यंजनातला फरक तेवढा उरला. वर्-वुर् हा स्वरबदलही आपल्या वर्त्-वृत् चाच. मूळ ऋ चा तिकडे उर् होतो.

एक सावधगिरी. गॉथिक बायबल ४थ्या शतकातलं, म्हणून त्यातली रूपं सर्वात जुनी, असं धरू नका. गॉथिकने सगळीकडे थ करून टाकला, अनेकवचनातसुद्धा. त्याच्या कितीतरी नंतर लिहिलेल्या जुन्या इंग्रजीत मात्र वेओर्थन, वेआर्थ, वुर्दोन, वोर्देन असा फरक शाबूत आहे. ह्या क्रियापदापुरता मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

ह्याच क्रियापदाच्या जर्मनमधल्या 'वार्ट' आणि 'वुर्डं' ह्या दोन भूतकाळी एकवचनांचं म्हणाल, तर पहिलं जुनं एकवचन, ल्यूथरच्या बायबलात सर्रास दिसतं. पुढे अनेकवचनातला उ एकवचनावर चढला आणि 'वुर्डं' रूढ झालं.