मँडरिनमध्ये शब्दावर भर कसा देतात?

प्रश्न असा आहे : मँडरिन चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो, मग ती बोलणारे लोक एखाद्या शब्दावर जोर कसा देतात आणि नुसता आवाज चढवून प्रश्न कसा विचारतात?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. शब्दाचा सूर अवयवागणिक, म्हणजे उच्चाराच्या प्रत्येक तुकड्यागणिक, ठरलेला असतो, तर सुरावली, म्हणजे आवाजाचा एकूण चढउतार, अख्ख्या वाक्याची असते. भाषावैज्ञानिक युएन रेन चाओ यांनी १९३० साली हे सूर पाच पायऱ्यांवर मांडले; १ म्हणजे सर्वांत खालची पायरी, ५ म्हणजे सर्वांत वरची. त्यानुसार पहिला सूर ५५, म्हणजे उंच व सपाट. दुसरा ३५, चढता. तिसरा २१४, खाली जाऊन वर येणारा. चौथा ५१, उतरता. मात्र या पायऱ्या म्हणजे पेटीच्या ठरलेल्या पट्ट्या नव्हेत. बोलणाऱ्याच्या आवाजाचा त्या क्षणी जेवढा पल्ला असेल, त्याचेच ते पाच भाग असतात, आणि भर देताना हा पल्लाच बदलतो.

‘था जिन्थ्येन ह थांग’ (तो आज सूप पितो) या वाक्यातले सगळे अवयव पहिल्या सुराचे आहेत. ‘जिन्थ्येन’वर, म्हणजे ‘आज’वर, भर दिला की तो शब्द वर उचलला जातो आणि त्यानंतरचे ‘ह थांग’ खाली येते. तरीही ते सपाटच राहते, म्हणून शब्द बदलत नाही. आपण ‘आजच’ म्हणताना ‘च’ जोडतो, ते काम इथे बरेचसे या चढउतारावर होते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की जोर म्हणजे उंच आवाज असे समीकरण इथे टिकत नाही. पल्ला दोन्ही बाजूंनी रुंदावतो, त्यामुळे तिसऱ्या सुराच्या ‘माय’वर (विकत घेणे) भर दिला, तर त्याचा खालचा भाग आणखी खाली जातो.

प्रश्नात सगळी पट्टी वर सरकते, विशेषतः वाक्याच्या शेवटाकडे. पण शेवटच्या शब्दाचा आकार मोडत नाही. ‘नी माय?’ (तू विकतोस?) यातला ‘माय’ चौथ्या सुराचा आहे, तेव्हा प्रश्नातही तो उतरतोच, फक्त अधिक उंचावरून. मराठी माणूस ‘विकतोस?’ म्हणताना शेवट सहज वर नेतो. तीच सवय इथे चालवली, तर दुसऱ्या सुराचा ‘माय’ ऐकू येतो आणि त्याचा अर्थ ‘(जमिनीत) पुरणे’ असा आहे.