एफडी मोडून फोर-के? आधी माळ्यावरच्या कॅसेटी खाली उतरवा

देवगडजवळच्या एका गावातून एका दादांचं लांबलचक पत्र आलंय, त्यांची परवानगी घेऊन थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. वय ५३, बाजारात स्टेशनरीचं दुकान, घरची ८० हापूस कलमं, वहिनी घर आणि बाग दोन्ही बघतात, मुलगी अकरावी सायन्सला. दादा १९८९ पासून जुने पिक्चर जमवतायत, आधी व्हीएचएस कॅसेटी, मग व्हीसीडी, मग साडेचारशे डीव्हीडी, आणि आता साठेक ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या डिस्क. आता त्यांना सगळंच एकदम फोर-केवर, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलच्या डिस्कवर न्यायचंय, आणि जुन्या डीव्हीडी विकायचाही विचार आहे. कोटेशन काढलंय: ६५ इंची ओएलईडी टीव्ही १,६०,०००, बाहेरून मागवायचा फोर-के प्लेयर ५०,०००, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ९०,०००, आणि शंभर डिस्क, कुरिअर-कस्टम धरून सरासरी ३,२०० ला एक, म्हणजे ३,२०,०००. एकूण ६,२०,०००. त्यातले पाच लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडून आणि उरलेले १,२०,००० क्रेडिट कार्डच्या ईएमआयवर. आणि शेवटी विचारलंय की आउट ऑफ प्रिंट झालेल्या डिस्क दुप्पट-तिप्पट भावाने जातात, मग ही पण एक गुंतवणूकच नाही का?

दादा, उत्तर आधीच देतो. एफडीला हात लावू नका. पण छंद बंद करा असंही मी सांगणार नाही, कारण तुमचं पत्र वाचताना मला कळत होतं की हा माणूस पस्तीसएक वर्षं काय जपतोय, आणि त्याच्यासाठी पैसे काढायला पाहिजेत हे माझं मनापासूनचं मत आहे, फक्त ते कुठल्या खिशातून काढायचे आणि आधी कशावर घालायचे याबद्दल आपलं जमत नाहीये.

हिशोब बघा. तुमची एफडी ७ टक्क्यांनी आहे, दोन वर्षं हलवली नाही तर तिमाही चक्रवाढीने पाचाचे साधारण ५,७४,००० होतात. मुदतीआधी मोडलीत तर बँक व्याजदर कमी लावते ते वेगळंच. कार्डावरच्या १,२०,००० ला १५ टक्के दर आणि २४ महिने धरले तर हप्ता ५,८०० च्या आसपास बसतो, व्याज साधारण १९,६००, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. आणि एखादा हप्ता चुकून बाकी कार्डावर तशीच फिरायला लागली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, ते वर्षाला चाळीसच्या पुढे जातं. तुम्हीच लिहिलंय की गेल्या पाच हंगामांतले दोन वाया गेले, एकदा अवकाळीने मोहोर गेला, एकदा थ्रिप्स किडीने, फवारणीचा खर्च दुप्पट झाला आणि निम्मा माल कॅनिंगला घालावा लागला. सेव्हिंगला ४०,००० आहेत आणि घरखर्च महिना ३०,०००. म्हणजे एफडी गेली की तुमच्या आणि अडचणीच्या मध्ये सव्वा महिनाच उरतो, आणि तेव्हाच मुलीच्या ॲडमिशनची वेळ येणार. हे मला बघवत नाही म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

आता गुंतवणुकीचं. काही डिस्क महाग विकल्या जातात हे खरंय, पण तो भाव टिकतो कशावर, तर तो पिक्चर दुसऱ्या कोणी पुन्हा काढत नाही यावर. उद्या कुणी नवीन रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती-सफाई, करून पुन्हा डिस्क काढली की जुनीचा भाव बसला. शिवाय विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कुठे आहे? देवगडात नाही, कोल्हापुरातही नसेल, परदेशात पाठवायची तर कुरिअरच नफा खाऊन टाकेल. आपल्याकडे तर २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ३४ रुपयांत डीव्हीडी आणि २८ रुपयांत व्हीसीडी आणली होती, तुमच्या साडेचारशेतल्या किती त्यांच्याच असतील, आणि २०१८ मध्ये ती कंपनीच लिक्विडेशनला गेली. त्या डिस्कना आज बाजारभाव असा काही नाहीच. तेव्हा हा खर्च आहे असं समजूनच करा, आनंदाचा खर्च, आणि खर्च हा चालू कमाईतून करायचा असतो, मुद्दलातून नाही.

पण कुठला खर्च करण्यासारखा आहे यावर मला जास्त बोलायचंय, कारण शंभर डिस्कच्या तुमच्या यादीतल्या अर्ध्याहून जास्त पैशाने तुम्हाला डोळ्याला काहीच फरक दिसणार नाही.

तुम्ही लिहिलंय की टीव्ही माजघरात आणि बसायची जागा साधारण अकरा फुटांवर. आता डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाख पिक्सेलच्या आसपास, ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर, आणि फोर-के डिस्क ३८४० बाय २१६०, ब्याऐंशी लाखांच्या वर. आकड्यांत ही उडी जबरदस्त वाटते पण नॉर्मल नजरेच्या माणसाला ६५ इंची पडद्यावर साधारण साडेआठ फुटांच्या पलीकडे ब्लू-रेचे पिक्सेलसुद्धा वेगळे दिसत नाहीत, मग त्याहून बारीक कुठून दिसणार. अकरा फुटांवरून फोर-केचा जो फायदा मिळेल तो एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराची आणि रंगांची रेंज वाढते त्याचा, आणि तो खरा फायदा आहे, कृष्णधवल पिक्चरमध्ये तर काळ्याच्या छटा फार सुंदर दिसतात, पण तो शंभरही पिक्चरना सारखा मिळत नाही. डीव्हीडीवरून ब्लू-रे ही मोठी उडी आहे आणि तिच्यासाठी तुमचा आत्ताचा ४३ इंची फुल एचडी टीव्ही आणि ब्लू-रे प्लेयर पुरतो.

आणि दुसरी गोष्ट, डिस्क कुठलीही असो, ती ज्याच्यावरून बनवली तेवढीच चांगली असते. झिजलेल्या प्रिंटवरून ट्रान्सफर केलेला पिक्चर फोर-के डिस्कवर घातला तरी ओरखडेच जास्त स्पष्ट दिसणार. याउलट पाथेर पांचाली घ्या, १९५५ चा. १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये आग लागून सत्यजित राय यांच्या, अपू नावाच्या मुलाच्या गोष्टीवरच्या तिन्ही चित्रपटांच्या (पाथेर पांचाली त्यातला पहिला) मूळ निगेटिव्ह जळाल्या, जे उरलं ते कडक झालेलं, आक्रसलेलं, आणि ते वर्षानुवर्षं जपून ठेवून मग इटलीत बोलोन्याला तज्ज्ञांनी त्या निगेटिव्हला पुन्हा ओलावा देऊन एकेक फ्रेम वाचवली, जिथे काही उरलंच नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींवरून भरलं, आणि २०१५ मध्ये ते लोकांसमोर आलं. असं काम झालेली डिस्क घ्यायला ३,२०० रुपये द्या, मी स्वतः सांगतो द्या. आपल्या मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेनेही अशी कामं केलीयत, मंथन १९७६ चा, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून बनवलेला, तो रिस्टोअर होऊन २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा यादी अशी करा की कुठल्या पिक्चरचं मूळ निगेटिव्हवरून किंवा चांगल्या प्रतीवरून नवीन रिस्टोरेशन झालंय आणि तुम्ही तो गेल्या पाच वर्षांत दोनदा तरी पाहिलाय, या दोन्ही कसोट्यांना उतरणारे तेवढेच घ्या. मला वाटतं शंभरातले पंचवीस उरतील.

डीव्हीडी विकायचा विचार मात्र अजिबात नको, निदान सरसकट तरी नको. जुने मराठी क्लासिक ब्लू-रेवर जवळपास आलेलेच नाहीत, तिथे तुमची डीव्हीडी किंवा व्हीसीडी हीच शेवटची प्रत. आणि नवीन ते चांगलंच असंही नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे पिक्चर जवळपास चौकोनी फ्रेममध्ये असायचे, १.३७ ला १, पण पडदा भरायच्या नादात काही नव्या आवृत्त्यांत वरून-खालून कापतात, नटाचं कपाळ गायब. काही ठिकाणी मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) साउंड काढून नुसता ५.१ (सहा चॅनेलचा) ठेवतात आणि गाण्याचा पोतच बदलतो. मुगल-ए-आझम २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हा १९६० चा मूळ बहुतांशी कृष्णधवल ज्याच्याकडे आहे त्याने तो सोडू नये. प्रत्येक डिस्क लावून मूळ फ्रेम आणि मूळ आवाज आहे का ते बघा, मगच ठरवा.

बाहेरून मागवताना अजून एका ठिकाणी पैसे बुडतात. डिस्कला रिजन कोड असतो, म्हणजे जगाच्या एका भागासाठी काढलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेयरवर सहसा चालत नाही. भारत डीव्हीडीला रिजन ५ मध्ये आणि ब्लू-रेला सी मध्ये येतो, अमेरिका ए, ब्रिटन बी. फोर-के डिस्कला रिजन कोड नसतो पण त्याच डब्यातली सोबतची ब्लू-रे लॉक असू शकते, आणि पुष्कळ वेळा एक्स्ट्रा मुलाखती, माहितीपट त्या ब्लू-रेवरच असतात. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअपही धरा, दोन ते साडेतीन टक्के, त्याच्यावर पुन्हा जीएसटी.

एका बाबतीत तुमची घाई मला पटते, ती प्लेयरची. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयरचा धंदा बंद केला, सॅमसंगने २०१९ मध्ये नवीन काढणं थांबवलं, पुढे एलजीनेही काढता पाय घेतला. टीव्ही मात्र थांबून घेतलात तर स्वस्तच मिळतो, सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणून क्रम उलटा करा, टीव्ही शेवटी.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो ते. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जाता जाता लिहिलेली, की "माळ्यावर आठ घरगुती कॅसेटी पण आहेत, आमचं लग्न, आईचे गणपतीतले आरतीचे वगैरे, त्या नंतर कधीतरी बघू". दादा, नंतर नाही. पाथेर पांचालीची प्रत जगात दुसरीकडे आहे, तुमच्या आईंच्या आरतीची नाही. चुंबकीय टेप आहे ती, चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा, आणि कौलारू घराचा माळा, तिथे टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरतेच, आणि तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की टेप चिकटून तुटते, हेडही खराब होतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणजे चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारा माणूस दोन्ही दर वर्षी कमी होतायत. माझ्या मामांचं घर चिपळूणला, २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटात मामीच्या लग्नाची कॅसेट होती, त्यात माझे आजोबा चालताना-बोलताना दिसायचे, कुटुंबात दुसरं कुठेच त्यांचं हलतं चित्र नाही. चिखलातून काढली, धुतली, वाळवली, काही आलं नाही. दोन वर्षं आम्ही सगळेच म्हणत होतो की डिजिटल करून घेऊया, आणि खर्च काही हजारांचाच होता.

तर यंदाचा पहिला पैसा या आठ कॅसेटींवर. बुरशी साफ करून देणारा माणूस शोधा, घरी लावून बघू नका, आणि फाइल मिळाल्या की दोन हार्ड डिस्कवर, एक तुमच्याकडे आणि एक घाटावर कुणा नातेवाइकाकडे. दुसरा पैसा फोटोग्राफर लेन्स ठेवतात तसल्या इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेटवर, आतली आर्द्रता ४५-५० टक्क्यांवर लावून ठेवायची, त्यात कॅसेटी आणि दुर्मिळ डिस्क. बाकीच्यांना हवाबंद डबे आणि सिलिका जेल, श्रावण संपला की जेल तापवून पुन्हा भरायचं.

घराचा विमा काढला नाहीत असं दिसतंय, तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये देवगड-मालवणची काय अवस्था केली ते तुम्हाला मी सांगायला नको. भारत गृह रक्षा नावाची स्टँडर्ड पॉलिसी आहे, त्यात घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. संग्रह त्यात कसा धरणार हे कंपनीकडून लेखी घ्या आणि सगळ्या डिस्कचे फोटो, बिलं असतील ती, एका फाइलमध्ये ठेवा.

पैशाचं गणित मग असं बसतं. दुकानातून महिन्याला ६,००० उरतात म्हणालात, त्यातले ३,००० आधी अडचणीच्या फंडाला, तो १,८०,००० होईपर्यंत, आणि ३,००० ची आरडी टीव्हीसाठी, तीन वर्षांत १,०८,००० अधिक व्याज. छंदाला वर्षाला २५,०००, तेही मे अखेरीस आंब्याचा हिशोब झाल्यावर, हंगाम वाईट गेला तर १०,००० आणि त्यात कुरकुर नाही. यंदा कॅसेटी आणि कॅबिनेट जाऊन चार डिस्क येतील. पुढचे दोन हंगाम बरे गेले तर त्यांचे पैसे एकत्र करून प्लेयर, आत्ताच्या टीव्हीवरही तो चालतो, त्याच्या पुढच्या वर्षापासून पुन्हा डिस्क. स्पीकर मुलीची ॲडमिशन पार पडल्यावर बघू.

कॅसेटी माळ्यावरून उतरवल्यात की प्रत्येकीच्या पारदर्शक खिडकीतून दिसणाऱ्या टेपचा फोटो काढून पाठवा, कुठलीवर बुरशी जास्त आहे बघून कुठली आधी द्यायची ते ठरवू. आणि आईंच्या आरतीची कुठली ते चिठ्ठी लावून वेगळी ठेवा.