ग्रोथ फॅक्टरसाठी जास्त दर द्यावा का?

प्रश्न : माझ्या दोन गीर गाईंची स्त्रीबीजे काढून त्यांपासून भ्रूण तयार करून घेण्याचा विचार आहे. स्त्रीबीजे पक्व करण्याच्या द्रावणात आम्ही ग्रोथ फॅक्टर घालतो, असे म्हणून एका प्रयोगशाळेने जास्त दर सांगितला. त्याने खरोखर फरक पडतो का? ते गाईलाच टोचता येत नाहीत का?
— एक दूध उत्पादक, बारामती

उत्तर : ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना संदेश देणारी प्रथिने. त्यांनी फरक पडतो, पण सांगितला जातो तेवढा नाही.

गाय माजावर आली की एलएच संप्रेरक एकदम वाढते आणि त्यानंतर साधारण 24 ते 30 तासांनी स्त्रीबीज सुटते. त्याच अवधीत ते पक्व होते. एलएचचा निरोप बीजाला थेट मिळत नाही. फॉलिकलच्या, म्हणजे अंडाशयात बीज ज्यात असते त्या द्रवाने भरलेल्या पिशवीच्या, भिंतीतील पेशी ॲम्फिरेग्युलिन, एपिरेग्युलिन असे ग्रोथ फॅक्टर तयार करतात आणि ते बीजाला बिलगलेल्या क्युम्युलस पेशींना कामाला लावतात. तुमच्या गाईची बीजे सुईने 2 ते 8 मिलिमीटरच्या फॉलिकलमधून काढली जातील, म्हणजे हा निरोप पोहोचण्याआधीच. बाहेर काढलेले बीज आपोआप पक्व होऊ लागते, हे पिंकस आणि एन्झमन यांनी 1935 मध्येच सशांच्या बीजांवर दाखवले होते. अडचण अशी की केंद्रक घाईने पुढे जाते आणि भ्रूणाच्या पहिल्या दिवसांची शिदोरी ज्यात असते ते पेशीद्रव मागे पडते.

ही तफावत कमी करण्यासाठी 38.5 अंश सेल्सिअसला सुमारे 24 तास ठेवायच्या द्रावणात एफएसएच (फॉलिकल वाढवणारे संप्रेरक) आणि ईजीएफ (वरच्यांच्याच गटातला एक ग्रोथ फॅक्टर) घालतात. ईजीएफ बहुधा मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम लागते; या हिशेबाने एक ग्रॅम एक लाख लिटरला पुरेल! दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आदल्या दिवशी घट्ट बसलेल्या क्युम्युलस पेशी फुलून चिकट, सैल झालेल्या दिसतात. परंतु हा परिणाम या पेशींमार्फतच होतो, त्यामुळे काढताना त्या निघून गेलेल्या उघड्या बीजाला त्याचा फारसा लाभ नाही. शिवाय द्रावणात वासराचे सीरम असेल, तर त्यात हे घटक मुळातच असतात आणि वरून घातलेल्याचा फरक कमी जाणवतो.

गाईंमध्ये दहापैकी आठ-नऊ बीजे प्रयोगशाळेत पक्व होतात, पण सातव्या दिवसापर्यंत तीन-चारच भ्रूण टिकतात. उरलेल्यांची उणीव बहुतांशी अंडाशयातूनच आलेली असते; तिथे गाईचा आहार, तब्येत आणि उन्हाचा ताण यांचा हिशेब लागतो, आणि तो कोणतेही द्रावण पुसू शकत नाही.

टोचण्याचा मात्र उपयोग नाही, कारण हे घटक फॉलिकलच्या आत शेजारच्या पेशींपुरतेच काम करतात. बीजे काढण्यापूर्वी काही ठिकाणी एफएसएचची इंजेक्शने देतात, पण ती फॉलिकल वाढवण्यासाठी असतात.

प्रयोगशाळेकडे एका वेळच्या संकलनात सरासरी किती बीजे मिळाली, सातव्या दिवशी किती भ्रूण हाती आले आणि किती गाई गाभण राहिल्या, हे आकडे लेखी मागावेत. त्यातही गीर गाईंचे आकडे वेगळे मागावेत, आणि शक्य झाल्यास दर गाभण गाईमागे ठरवावा.