परदेशी पर्यटक वाढवण्यासाठी भारताने जाहिरातीवर जास्त खर्च करावा का?

मी कोल्हापुरात 20 वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. माझं उत्तर: आधी वाटेवर संडास बांधा, जाहिरातीचं नंतर बघू.

काही वर्षांपूर्वी एका जर्मन बाईंना खिद्रापूरला नेलं होतं. साठीच्या पुढच्या, एकट्याच. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात 48 खांबांच्या मधलं ते उघडं गोल छत बघून त्या खाली बसल्याच. अर्धा तास मान वर करून ढग बघत होत्या. म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?" आमचे दाजी धंद्यात भागीदार आहेत, ते हेच वाक्य धरून बसलेत. माल चांगला आहे, बोंब मारणारा पाहिजे, म्हणतात.

पण परतीचं दाजींना माहीत नाही. वाटेत एका ठिकाणी थांबलो तर बाथरूमला कुलूप, किल्लीवाला जेवायला घरी गेलेला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. सकाळपासून त्या पाण्याचा घोटसुद्धा का घेत नव्हत्या, ते मला तेव्हा उमगलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी समोरच्या घरातल्या मावशींनी हाताला धरून त्यांना परसात नेलं, बादली भरून दिली, नवा साबण फोडला. वर तांब्याभर ताक. पैसे घेतले नाहीत.

त्या बाईंनी पाठवलेली माणसं अजून फोन करतात. पहिला प्रश्न एकच, वाटेत बाथरूम कुठे आहे?

'अतुल्य भारत'ची मोहीम 2002 पासून चाललीय. 2025 च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या आदल्या महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि जगभर कोल्हापूरचं नाव झालं. नाव कमी पडत नाही हो! आलेल्या माणसाचे हाल होतात, ते थांबवा.

जाहिरात नकोच असं नाही. मलेशियाचं 'ट्रूली एशिया' हे जाहिरातीतलं वाक्य 1999 चं, अजून लोकांच्या तोंडात आहे. शिवाय मी फक्त आमच्या भागातलं बोलतोय, राजस्थान-केरळचं तिकडच्यांनी सांगावं.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. यंदा ब्रोशरला काढलेत त्यातले निम्मे पैसे मावशींच्या परसात दोन बाथरूम बांधायला द्या. जागा द्यायला त्या तयार आहेत. मी परवाच जाऊन विचारून आलोय.