पाण्यात राहिल्यावर फक्त बोटांनाच सुरकुत्या का पडतात?
ढीगभर भांडी घासून झाली की बोटांची टोकं बघा, मनुक्यासारखी दिसतात. मनगट मात्र गुळगुळीतच. कातडी पाणी पिऊन फुगते, असं बहुतेकांना वाटतं. मलाही शाळेत तेच सांगितलं होतं. खरं कारण आतलं आहे. तळहात-तळपायांवर घामाची छिद्रं भरपूर. त्यांतून पाणी शिरलं की मज्जातंतू इशारा देतात, रक्तवाहिन्या आकसतात, बोटाचं आतलं आकारमान थोडं घटतं आणि वरच्या जाड त्वचेला घड्या पडतात. म्हणूनच ज्या बोटांचा मज्जातंतू तुटलेला असतो, ती कितीही भिजवली तरी सुरकुतत नाहीत! २०१३ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी पाण्यातल्या गोट्या लवकर उचलल्या गेल्या. कोरड्या गोट्यांना काही फरक पडला नाही.