साध्या सहा तारांच्या गिटारवर विसोत्स्कीची गाणी मूळ गिटारसारखी का वाजत नाहीत?

कारण व्लादिमिर विसोत्स्की आणि बुलात अकुजावा हे गिटारवर स्वतःची गाणी गाणारे सोव्हिएत कवी ज्या रशियन परंपरेतून आले, तिची गिटार सात तारांची. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत तिचे सूर डी-जी-बी-डी-जी-बी-डी. म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की थेट जी मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह).

सहा तारांवर याच्या जवळ जायचं तर नेहमीच्या ट्यूनिंगमधून (ई-ए-डी-जी-बी-ई) पहिली म्हणजे सर्वात बारीक, पाचवी आणि सहावी तार प्रत्येकी दोन पडदे खाली उतरवा: डी-जी-डी-जी-बी-डी. फक्त मधला जाड बी हरवतो. तपासायला पाचवी तार सातव्या पडद्यावर दाबा, ती मोकळ्या चौथीशी जुळली पाहिजे.

आता खरी गंमत. पहिली, चौथी, सहावी तार दुसऱ्या पडद्यावर दाबली, बाकी मोकळ्या ठेवल्या की ई मायनर. हाच आकार पाचव्या पडद्यावर सगळ्या तारांवर आडवं बोट ठेवून पुढे सरकवा, म्हणजे त्याच तीन तारा सातव्यावर, की ए मायनर. जाड तार मानेवरून अंगठा आणून दाबतात. सात तारांच्या गिटारवर तर ही सवय फारच उपयोगी पडते.

उतरवलेल्या तारा सैल पडून पडद्यांवर खरखरतात. त्या तीन तारा थोड्या जाड घ्या. विसोत्स्की तर सगळी गिटारच नेहमीपेक्षा खाली लावायचा, त्यामुळे ध्वनिमुद्रणासोबत वाजवताना आधी त्याचा सूर शोधा. नेहमीच्या ट्यूनिंगचे कॉर्ड-तक्ते इथे चालत नाहीत, बोटं चुकीच्या सुरांवर पडतात.