आगबाद्झा शिकताय? ढोल राहू दे, आधी घंटा धर

घाना-टोगोच्या एवे लोकांचा आगबाद्झा, म्हणजे ढोलांच्या तालावरचा त्यांचा नाच, शिकायचा म्हटलं की सगळ्यांचे हात आधी सोगोकडे वळतात. तो मुख्य ढोल, मोह होणारच. पण महिनाभर तरी गान्कोग्वी, म्हणजे ती लोखंडी जोडघंटा, वाजव. बारा मात्रांत सात ठोके: १, ३, ५, ६, ८, १०, १२. पाचव्या-सहाव्या मात्रेचे लागोपाठ, आणि बाराव्या मात्रेचा संपतो न संपतो तोच पुन्हा पहिला.

पाय मात्र १, ४, ७, १० वर टाक. इथेच सगळे घसरतात, कारण चौथ्या आणि सातव्या मात्रेला घंटा गप्प असते. माझा पाय कित्येक दिवस घंटेमागे पळत होता! उपाय एकच: आधी नुसतं चाल, मग तोंडाने ठोके म्हण, हात शेवटी.

त्यानंतर कागान. चिमुकला ढोल, वाजवायचं एवढंच: पाऊल पडतं ती मात्रा सोडून पुढच्या दोन. सोपं वाटतं ना? पाच मिनिटांत पाऊलच त्या ठोक्यावर सरकतं नि कळतही नाही. तसं झालं तर थांब, घंटा ऐक, मग पुन्हा शिर. आणि तबला शिकला असशील तर सम दणकवायची खोड घरी ठेवून ये.